बाराव्या मजल्यावरची तहान

मॉड्युलर किचन, तीन लिफ्ट, क्लब हाऊस, स्विमिंग पूल... आणि प्यायला घोटभर पाणी नाही! वाकडमधल्या एका ओल्याचिंब गुरुवारनं शिकवलेला धडा आणि त्यापायी झालेली शनिवारची भटकंती.

वाकडमध्ये राहणाऱ्या माणसाला तहान लागली की तो काय करतो? आरओचा नळ उघडतो. आरओ बंद असेल तर वीस लिटरचा जार मागवतो. जारवाला फोन उचलत नसेल तर अ‍ॅपवरून बाटल्या. त्याच्यापुढे काय, हा प्रश्न मला तरी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. २५ जुलै २०२४ च्या गुरुवारी पडला.

आठवतोय ना तो दिवस? रात्रभर नुसता कोसळणारा पाऊस, सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी, टीव्हीवर होड्या. आमच्या कस्पटे वस्तीतल्या सोसायटीत होड्या वगैरे काही नव्हत्या. फक्त बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी साचलं आणि पंपाचं पॅनल नेमकं तिथंच! लाइट गेली, लिफ्ट बंद पडली, पाणी वर चढेना. दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी कोरडी. आरओला वीजही लागते आणि पाण्याचा दाबही. दोन्ही नाही म्हटल्यावर त्याचा निळा दिवा विझला आणि भिंतीवर एक महागडी पेटी तेवढी उरली. गॅस म्हणाल तर आम्हा तिघी मुलींच्या फ्लॅटमध्ये इंडक्शन. म्हणजे उकळायचीही सोय नाही.

संध्याकाळी कुठून तरी एक टँकर आला. पाण्याचा रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. आम्ही बादल्या घेऊन बारा मजले चढलो आणि मग मला एकदम आठवलं, माळ्यावर लेहच्या ट्रिपसाठी घेतलेली फिल्टरची बाटली आहे! तीन हजारांच्या आसपास मोजले होते आणि लेहला सगळीकडे बाटलीबंद पाणी मिळाल्यामुळे तिचं सील फोडायची वेळच आली नव्हती. गढूळ पाणी आत, नितळ पाणी बाहेर. सहीच! मजल्यावरचे शेजारी बघायला आले. मी जरा भावच खाल्ला.

रात्री सांगलीहून आत्याचा फोन आला.

‘‘फिल्टर असू दे गं. क्लोरीनची गोळी टाकलीस का त्यात?’’

‘‘अगं आत्या, ०.२ मायक्रॉनचा आहे. बॅक्टेरियासुद्धा जात नाही त्यातून.’’

‘‘ते मायक्रॉन तुझं तू बघ. गोळी टाक, नाहीतर कुणाकडून उकळून आण.’’

मी हसले आणि फोन ठेवला.

साधारण चार आठवड्यांनी माझ्या रूममेटचे डोळे पिवळे झाले. कावीळ, हिपॅटायटिस ए. दीड महिना बिछान्यात गेला, ऑक्टोबरात ठरलेली तिची ऑनसाइटची संधी दुसऱ्याला मिळाली आणि पंचवीस वर्षांची ती मुलगी आईनं भरवलेली पेज खात छताकडे बघत पडून राहिली. ‘‘त्याच पाण्यानं झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘मधल्या काळातल्या एखाद्या पाणीपुरीनंही झाली असेल. पण तुमच्या त्या बाटलीनं हा व्हायरस अडत नाही, एवढं नक्की.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मग एका शनिवारी ती बाटली बॅगेत टाकली, अ‍ॅक्टिव्हा काढली आणि वाकडचं पाणी शोधायला निघाले.

रावेतचा बंधारा

वाकड दोन नद्यांच्या मधे आहे, हे हायवेवरून रोज हिंजवडीला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल? एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना. आपल्या नळाचं बहुतेक पाणी पवनेचं. मावळातल्या पवना धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यापाशी पंपानं उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करून शहरभर पाठवतात.

मी पुलावर गाडी लावून जरा वेळ थांबले. खाली गढूळ, भरलेली नदी आणि पलीकडे थेट क्षितिजापर्यंत टॉवर. वाकड १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतर इथं माणसं ज्या वेगानं आली, त्या वेगानं पाणी आलं नाही. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. धरणातून थेट बंद पाइपलाइननं पाणी आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस-वेवर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला. आपण शॉवरखाली उभे असताना हे कुणाला आठवतं? मलाही आठवत नव्हतं.

मुद्दा असा, की नळाचं पाणी केंद्रातून निघतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. घोळ होतो तो पुढच्या प्रवासात. टँकर, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, शेजारून जाणारी ड्रेनेजची लाइन. त्या गुरुवारी बेसमेंटमध्ये जे साचलं होतं, त्यात पावसाबरोबर ड्रेनेजही होतं आणि गाड्यांचं ऑइलही. आमची जमिनीखालची टाकी तिथून दहा पावलांवर होती.

डांगे चौकातल्या गोळ्या

परतताना डांगे चौकात केमिस्टकडे थांबले.

‘‘पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आहेत?’’

‘‘अ‍ॅसिडिटीच्या का?’’

दुसऱ्या दुकानात मला ओआरएसचं पाकीट मिळालं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र काही न बोलता खालच्या ड्रॉवरमधून एक स्ट्रिप काढली, वर क्लोरीनच्या थेंबांची छोटी बाटलीही ठेवली. ‘‘मुलांना ट्रेकला पाठवताना आया नेतात,’’ म्हणाले, ‘‘आणि २०२५ च्या जानेवारीत तर रांग लागली होती.’’

जानेवारी २०२५ म्हणजे जीबीएसची साथ. गियाँ-बारे सिंड्रोम हा शब्द तोवर आपल्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद एकाएकी जाऊ लागली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, संशय पाण्यावर गेला आणि पुणे महापालिकेनं त्या भागातले काही खासगी आरओ प्लांट सील केले. ज्या जारवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, तेच हे प्लांट. सोसायट्यांच्या ग्रुपवर तेव्हा ‘कोणता आरओ चांगला?’ या एकाच प्रश्नावर चर्चा झडत होत्या.

खरं तर प्रश्न आधी पाण्याला विचारायला हवा. त्यात आहे काय? गाळ, जंतू की केमिकल?

सोपं करून सांगते. माझी बाटली म्हणजे बारीक पोकळ धाग्यांची जुडी. धाग्यांना ०.२ मायक्रॉनची छिद्रं. गाळ, जिवाणू, अमिबासारखे एकपेशीय जंतू बाहेर अडतात. पण हिपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा. माणूस कमानीखालून चालत जावा तसा तो आरामात आत जातो. क्लोरीनची गोळी नेमकी उलटी. जिवाणू-विषाणूंचा ती निकाल लावते, मात्र क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जाड कवचाच्या जंतूपुढे तिचं फारसं चालत नाही आणि गढूळ पाण्यात तर ती गाळाशी झुंजण्यातच संपून जाते. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आधी फिल्टर, मग गोळी. हा क्रम महत्त्वाचा, कारण बऱ्याच बाटल्यांत कार्बन असतो आणि तो क्लोरीन शोषून घेतो.

आत्याला मायक्रॉन माहीत नव्हते. पण बोलली होती बरोबर.

मुळेच्या काठी

डांगे चौकातून जुन्या वाकड गावात शिरलं की दोन मिनिटांत टॉवर मागे पडतात आणि म्हातोबाचं देऊळ येतं. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून म्हातोबाचं बगाड इथं येतं, तेव्हा आयटी पार्कच्या रस्त्यावर बैल, गुलाल आणि हजारो माणसं असतात. एरवी इथं दुपारी पारावर चार म्हातारी माणसं आणि एक झोपलेलं कुत्रं.

त्यातल्या एका आजोबांनी माझी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ‘‘आम्ही नदीचंच पाणी प्यायचो,’’ म्हणाले. ‘‘पात्रात वाळूत झिरा खणायचा, वाटी-वाटीनं हंडा भरायचा. गोड पाणी.’’ वाळूतून झिरपून आलेलं पाणी. म्हणजे फिल्टरच की!

खाली नदीवर गेले. मुळशी धरणातून येणारी ही मुळा. पाण्याला वास होता आणि काठावर प्लॅस्टिक. इथलं पाणी बाटलीत भरायला माझा हात धजावला नाही आणि ते योग्यच झालं. कारण सांडपाण्याचे जंतू गोळी मारेल, पण कारखान्यांतून येणारी रसायनं, जड धातू, कीटकनाशकं यांना गोळी काही करू शकत नाही आणि अशा साध्या फिल्टरलाही ती पेलत नाहीत. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, इमर्जन्सीतही आधी पावसाचं, टाकीतलं किंवा टँकरचं पाणी बघायचं. नदी सगळ्यात शेवटी. आणि ज्या पाण्याला ऑइलचा तवंग किंवा केमिकलचा वास आहे, त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

सगळं आपल्याच अंगणात

मुळेच्या काठावर उभं राहिलं की पलीकडे बालेवाडी, बाणेर. आणखी पुढे पाषाणला एनसीएल, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. गंमत बघा, मी तीन हजारांची परदेशी बाटली घेतली आणि विषाणूसुद्धा अडवणाऱ्या पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनचं तंत्र स्कूटरवरून अर्ध्या तासावर असलेल्या याच प्रयोगशाळेत विकसित झालं होतं! पुण्यातच टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रानं भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ नावाचा फिल्टर केला. २००४ च्या त्सुनामीनंतर तो आपद्‌ग्रस्तांना वाटला गेला. त्याच कल्पनेतून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. किंमत ७४९ आणि ९९९ रुपये, वीज नको, नळ नको. नागपूरच्या नीरीनं पूरग्रस्तांसाठी ‘नीरी-झर’ हा विजेशिवाय चालणारा फिल्टर बनवला, तो २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरानंतर वापरला गेला.

आणि ट्रेकर मंडळींच्या गळ्यात दिसणारा लाइफस्ट्रॉ? त्याचं मूळ नारूत आहे. हो, तोच नारू! विहिरीच्या पाण्यातून पोटात जाऊन पायातून दोरीसारखा बाहेर पडणारा, आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं खेड्यापाड्यांत पाहिलेला. नारूची पिसवं गाळायला आफ्रिकेत वाटलेल्या साध्या नळीपासून पुढे २००५ मध्ये हा स्ट्रॉ तयार झाला. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ चा. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यामागे पाणी फडक्यानं गाळायची सवय फार मोठी होती.

आत्याचा क्लास

घरी आले तेव्हा आत्या आलेली होती. ती सांगलीच्या गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा ती वरच्या मजल्यावर सहा दिवस अडकून होती. ‘‘दारात कृष्णामाई आणि नळ कोरडा,’’ ती सांगते. ‘‘खालचं पाणी म्हणजे अर्ध्या गावाचा संडास. पत्र्याच्या पन्हाळीखाली पातेली लावली आणि पावसाचं धरलं. पुढं आरोग्य खात्याच्या पोरी गोळ्या देऊन गेल्या. तेव्हापासून माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी गोळ्यांचा डबा असतो. जुन्या झाल्या की बदलते.’’

सोसायटीच्या टँकरचं एक बादली पाणी घेऊन आम्ही बाल्कनीत बसलो. तिनं आधी तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा गोल फिरवला आणि बादली झाकून ठेवली. तासाभरात गाळ तळाला. वरचं पाणी जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून त्यातून गाळलं. हा चौपदरी साडीचा प्रकार घरगुती वाटतो ना? बांगलादेशातल्या खेड्यांत शास्त्रज्ञांनी तो तपासून पाहिला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा गाळण्यामुळे कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. निम्म्यावर, शून्यावर नाही. म्हणून त्यानंतर गोळी.

‘‘पाकिटावर काय लिहिलंय ते वाच आधी,’’ आत्या म्हणाली. वाचलं. एक गोळी, वीस लिटर. मी त्या गुरुवारी लिटरभर बाटलीत अख्खी गोळी टाकली असती, याची मला खात्री आहे! बाजारात एका लिटरची गोळी वेगळी, वीस लिटरची वेगळी.

गोळी फसफसली, विरघळली. मी पेला पुढे केला तर हातावर चापट बसली.

‘‘अर्धा तास. एवढी काय घाई करायलीस? क्लोरीनला पण काम करायला वेळ लागतोय की.’’

तेवढ्यात बिल भागवायला वर आलेले वॉचमन काका दारात थबकले. लातूरकडचे. बादलीकडे बघून म्हणाले, ‘‘मॅडम, ओटी टेस्ट केली का?’’ मी चाट! ते गावी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर होते. रोज टाकीत टीसीएल पावडर टाकायची आणि शेवटच्या घराच्या नळाला जाऊन ओटीचे दोन थेंब टाकून बघायचे. पिवळं झालं की क्लोरीन पोचलं. ‘‘इथं येतेत ते टँकर बघतोय मी रोज. पन कुनी इचारलंच न्हाई.’’

तीनशे फ्लॅट, त्यातले निम्मे इंजिनिअर. आणि पाणी तपासता येणारा माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसला होता.

आता आमच्याकडे आलेल्या प्रत्येक टँकरची ओटी टेस्ट होते. हे मंजूर व्हायला ग्रुपवर शंभरेक मेसेज, दोन भांडणं आणि सेक्रेटरी काकांचं एक भाषण लागलं, तो भाग सोडा. बेसमेंटमधलं पॅनल वर हलवायचं काम मात्र अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे.

अर्ध्या तासानं आत्यानं पाणी दोन भांड्यांत तीन-चार वेळा उंचावरून ओतलं, म्हणजे वास जरा उडतो. लिंबू पिळायचं तर तेही अर्ध्या तासानंतरच. आधी पिळलं तर क्लोरीनचा जोर कमी होतो. पहिला पेला माझ्या रूममेटनं उचलला. ती आता ठणठणीत आहे. एक घोट घेतला, नाक मुरडलं, ‘‘स्विमिंग पूल पितेय असं वाटतंय’’ म्हणाली आणि पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला.

पावसाळ्याआधी घरात हे असू द्या!

* प्यायला आणि जेमतेम स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरा. तिघांना तीन दिवस म्हणजे सुमारे २७ लिटर. अतिवृष्टीचा इशारा आला की आदल्या रात्रीच भरून झाकून ठेवा.
* क्लोरीनच्या गोळ्यांची स्ट्रिप. एक्स्पायरी बघा, ओलीपासून लांब ठेवा. किती लिटरला किती, हे डब्यावर मार्करनं लिहा.
* तुरटीचा खडा आणि जुनी, धुतलेली सुती साडी. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही.
* फिल्टरची बाटली घेताना ‘व्हायरस’ हा शब्द शोधा. नुसतं ‘बॅक्टेरिया ९९.९९ टक्के’ असेल तर सोबत गोळी हवीच.
* गॅस चालू असेल तर पाणी खळखळून उकळणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय. फक्त केमिकलवर त्याचा इलाज नाही.
* आयोडीनच्या गोळ्या गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइड असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
* ओआरएसची चार पाकिटं. आणि एखादी आत्या असेल तर तिचा फोन उचला!